पंपघराची चावी

त्याच्याच वकिलाने टेबलावर बोट आपटून तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्याने सदऱ्याच्या खिशावर हात दाबून धरला. आत पंपघराची चावी होती.

"अहो, बावीस वर्षं दुसऱ्याची जमीन कसलीत आणि कागदाचा एक चिटोराही नाही?"

"शब्द होता."

"शब्दाला कोर्टात कोण विचारतो! यंदा ठरलं तेव्हा समोर कोण होतं, ते तरी सांगा."

 खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. गप्प बसणं मात्र झकास जमायचं.

त्यांचा करार म्हणजे ती चावी. पेरणीआधी जमीनमालक ती त्याच्या तळहातावर ठेवायचा, "पाणी जपून रे," म्हणायचा, की वर्ष ठरलं. पीक घरी आलं की तो चावी पुसून परत द्यायचा. मग दोघं बांधावर बसून गेल्या वर्षीच्याच थापा नव्याने मारायचे. मालकाचा लेक लहानपणी, फुलोऱ्याच्या दिवसांत, याच्या खांद्यावर बसून सूर्यफुलांना हात लावायचा. काय दिवस होते ते!

मालक गेला. यंदा चावी दिली ती वहिनींनी, मालकाच्या बायकोने, आणि ऐन फुलोऱ्यात त्याच लेकाने उभ्या सूर्यफुलांवर ट्रॅक्टर फिरवला. जमिनीला गिऱ्हाईक आलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं. पीक गेलंच होतं, खटला हरला तर कसायची जमीनही सुटणार होती. पण वहिनींचं नाव घ्यायचं म्हणजे आईला लेकासमोर उभं करायचं. त्यापेक्षा हरलेलं बरं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

कोर्टात लेकानेच आईला साक्षीला आणलं. आई आपल्याविरुद्ध थोडीच बोलणार, असा त्याचा भरवसा. लेकाच्या वकिलाने विचारलं, "यजमानांच्या मागे या गृहस्थांशी काही करार झाला होता का?"

वहिनींनी चष्मा सारखा केला आणि समोरच्या बाकाकडे वळल्या.

"भावजी, पीक घरी आलं का?"

तो धडपडत उठला. "नाही, वहिनी."

"मग चावी तुमच्याकडेच असेल."

न्यायाधीशांनी मान वर केली. "कसली चावी?"

"पंपघराची. पेरणीआधी मीच दिली यांना. आमच्याकडे करार असाच व्हायचा. विचारा की माझ्या लेकाला, त्याने लहानपणापासून पाहिलंय."

लेकाची मान खाली गेली.

इकडे त्याने खिशातली चावी बाहेर काढली. न्यायाधीशांकडे द्यायची म्हणून, सवयीने, तो ती सदऱ्याच्या टोकाने पुसू लागला.

"राहू द्या, भावजी," वहिनी म्हणाल्या, "पीक आल्यावर पुसा."