उजवीकडचं काळीज

इशिताच्या छातीवर डाव्या बाजूला स्टेथोस्कोप टेकवला आणि डॉक्टर सोनल थबकली. ठोके होते, पण अगदी मंद. भिंतीपलीकडे कुणी मसाला कुटत असावं तसे.

बंदराजवळच्या अंगणवाडीत मुलांची वार्षिक तपासणी चालली होती. सोनलने नळी आधी स्वतःच्या छातीला लावून पाहिली. ठोके खणखणीत. म्हणजे नळीत बिघाड नव्हता. मग तिने ती इशिताच्या छातीवर हळूहळू उजवीकडे सरकवली, आणि तिथे तो आवाज अगदी कानाशी आला.

"हिला धाप लागते का हो? ओठ निळे पडतात?" तिने शेजारी बसलेल्या आजीला विचारलं.

"धाप?" मासे विकून थेट इकडे आलेली हौसाबाई हसली. "दिवसभर वाळूत धावता. मीच दमतंय तिच्या मागून."

बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावून पाहिला, प्रमाण व्यवस्थित होतं. सोनलने इशिताला चटईवर निजवून पोटावर बोटांनी टिचक्या मारल्या. यकृताचा बद्द आवाज उजवीकडे यायला हवा, तो आला डावीकडे. पुस्तकात वाचलेलं पहिल्यांदाच हाताखाली लागत होतं. सोनल मूळची कुडाळची. आनंदाच्या भरात कचेरीतली मराठी बाजूला राहिली आणि ती मालवणीत बोलू लागली.

"आजी, भियाव नका. हिचा काळीज उजव्या बाजूक आसा. आरशात दिसता तसा आतला सगळा उलटा असात, असा वाटता."

"उलटा? मगे आता सुलटा करूचा लागतला?"

"नाय गो! पण सोनोग्राफी करून बघूक व्हयी."

नोंदी करणाऱ्या नर्स प्रेमलताबाईंचं पेन मात्र अडलं होतं. कार्डावर हृदयापुढे दोनच चौकोन होते, 'ठीक' आणि 'दोष'. "मॅडम, खूण कशावर करू? गेल्या वर्षी ठीक लिहिलंय."

सोनल विचारात पडली. दोष म्हणावा, तर पोर धडधाकट. नुसतं ठीक लिहावं, तर उद्या हिचं अपेंडिक्स सुजलं आणि डावीकडे दुखू लागलं, तर कुणाच्या लक्षात येणार?

"दोन्ही मोकळे सोडा. खाली लिहा, ठोके उजवीकडे स्पष्ट, डावीकडे मंद. यकृत डावीकडे असावं. त्रास काही नाही. पुढील तपासणीसाठी पाठवलं."

पुढच्या आठवड्यात हौसाबाई रिपोर्ट घेऊन आरोग्य केंद्रात हजर झाली. सगळं खरंच उलटं होतं, आणि हृदय निर्दोष. सोनलने तिला बजावलं, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी ही गोष्ट आधी सांगायची.

"सांगतंय," म्हणत हौसाबाई उठेचना. तिने पदर सावरला आणि खुर्ची पुढे ओढली. "आता माझा बघ. नातीक आसा तर माका पण असात."

सोनलने नळी लावली. "डावीकडेच आसा, आजी."

"परत एकदा बघ गो," हौसाबाई म्हणाली.