कालव्याकडचा हिरवा रस्ता

डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि पेन्सिलीच्या टोकानं एक मणका दाखवला. बाकीचे मणके पांढरे, हा धुरकट. आजारानं आतून पोखरलेला.

"वीस दिवस किरणं द्यायची. रोज पाच मिनिटांचं काम. मणका पहिल्यासारखा होणार नाही, पण टिकेल. तोवर यांना धक्का बसता कामा नये. हा खचला, तर पाय जातील."

"धक्का म्हणजे साधारण किती?" लेकीनं विचारलं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "जितका कमी तितका बरा."

हे काही उत्तर नव्हतं. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं काम करत होती. पाण्यात अमुक क्षार किती, याला 'जितका कमी तितका बरा' असं तिनं कधी लिहून दिलं नव्हतं. पण डॉक्टरांनी पुढच्या पेशंटची फाइल उघडली होती.

"एकतीस वर्षं बस चालवलीय मी," बाहेर आल्यावर बाबा म्हणाले. "धक्के खाऊनच मोठा झालोय. चल, कंडक्टर."

ते तिला लहानपणापासून कंडक्टर म्हणत. घरात सगळ्यांना कुठं बसायचं, किती वाजता निघायचं हे तीच सांगायची म्हणून.

पाच मिनिटांच्या उपचारासाठी दवाखान्यात खाट मिळत नव्हती आणि शहरात राहायला ओळखीचं कुणी नव्हतं. म्हणजे रोज अडतीस किलोमीटर जायचं आणि तितकंच यायचं. तिनं रजा टाकली. गाडीची पुढची डावी सीट काढून ठेवली, मागच्या सीटपासून पुढपर्यंत फळी टाकली आणि वर सहा इंचांचा फोम घातला. फोमचा एक तुकडा उरला. तिनं त्यात फोनच्या मापाचा खळगा कोरला आणि तो समोर काचेखाली चिकटवला. प्रयोगशाळेत नमुन्यांच्या बाटल्या अशाच खळग्यांतून नेतात, म्हणजे हिंदकळत नाहीत. फोन त्यात चपखल बसला.

"माझ्यापेक्षा त्याचीच बडदास्त जास्त," बाबा म्हणाले.

पहिल्या दिवशी ती हमरस्त्यानं गेली. रुंदीकरण चालू होतं. अर्धा रस्ता खरवडलेला, उरलेल्या अर्ध्यावर डंपर. नवव्या किलोमीटरला चाक खरवडलेल्या कडेवरून खाली उतरलं आणि बाबा ओरडले. असा आवाज तिनं त्यांच्या तोंडून आयुष्यात ऐकला नव्हता. तिनं गाडी बाजूला घेतली, स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि रडली. मागून डंपरवाले हॉर्न मारत होते. आई गेली तेव्हाही ती बाबांच्या देखत रडली नव्हती.

"अगं, झालं," बाबा मागून म्हणत होते. "झालं ना आता. एवढं काय त्यात. चल, नंबर जाईल."

त्या संध्याकाळी तिनं फोनमधलं रस्ता दाखवणारं ॲप नीट उघडून पाहिलं. त्यात 'कमी वेळ', 'कमी अंतर' यांच्याखाली 'सपाट रस्ता' असाही एक पर्याय होता. माहितीत लिहिलं होतं की गाडी चालताना फोनला जे हादरे बसतात, ते ॲप नोंदवतं आणि त्यावरून रस्त्याला रंग देतं. सपाट असेल तर हिरवा, बरा असेल तर पिवळा, खराब असेल तर लाल. माहिती नसेल तर करडा.

हमरस्ता लाल होता. बाजारातून जाणारा जुना रस्ता पिवळा, पण त्यावर सोळा गतिरोधक. तिनं ते नकाशावर बोटानं मोजले. तिसरा रस्ता कालव्याच्या कडेनं जायचा. तो करडा होता. करडा म्हणजे वाईट नव्हे, नुसतं माहीत नाही. ती दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यानं गेली.

वीसच्या वेगानं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एका बाजूला कालव्याचं संथ पाणी, दुसऱ्या बाजूला बंद पडलेल्या वीटभट्ट्या. डांबर जुनं होतं, त्यावर बारीक बारीक लाटा उठल्या होत्या आणि स्टिअरिंग हातात थरथरत होतं.

"कसं वाटतंय, बाबा?"

"लोण्यावरून चाललोय जसा."

"खरं सांगा. एक ते दहामध्ये दुखणं किती?"

"दोन."

"काल?"

"काल सात धर. किंवा साडेसात लिही, तुला अपूर्णांक आवडतात."

तिनं वहीत लिहिलं. हमरस्ता, साडेसात. कालवा, दोन. त्यानंतर रोज दवाखान्यात पोचलं की ती विचारायची आणि बाबा 'दोन' म्हणायचे. एकदा 'दीड' म्हणाले. एका परतीच्या वेळी 'झोपच लागली होती, आता उगाच उठवलंस' असंही म्हणाले.

तिला स्वतःला रस्ता तितका चांगला वाटत नव्हता. लाटा संपल्या की काही ठिकाणी रस्त्याखालून पाइप नेलेले होते आणि तिथली भर खचली होती. अशा जागी तिचा पाय आपोआप ब्रेककडे जायचा. पण पाय ब्रेककडे जाणं हे काही माप नव्हे. आपल्याला जे वाटतं त्याच्यावर विसंबायचं नाही, यंत्र काय दाखवतं ते पाहायचं, हे ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवायची.

आणि चौथ्या दिवशी यंत्रानं दाखवलं. सकाळी ॲप उघडलं तर कालव्याकडचा रस्ता हिरवागार.

"बघा!" तिनं फोन बाबांच्या तोंडासमोर धरला. "मी म्हटलं नव्हतं?"

बाबांनी बराच वेळ त्या हिरव्या रेघेकडे पाहिलं. "हे कोण ठरवतं म्हणालीस?"

"सगळे मिळून. जे जे जातात त्यांच्या फोनवरून."

"सगळे," बाबा म्हणाले. "मला तर तिथं एक म्हैसच दिसली."

"तुम्ही आडवे असता. तुम्हाला काय दिसणार?"

"तेही खरंच," ते म्हणाले आणि हातातला टॉवेल त्यांनी उशीशी नीट घडी करून ठेवला. तो टॉवेल ते बरोबर घेतल्याशिवाय गाडीत चढत नसत.

हिरव्या रंगानं तिची रात्रीची झोप परत आली. ती वीसची तीसवर गेली, मग चाळीसवर. किरणांची वेळ सकाळची होती. लवकर पोचलं की बाबांना बाकावर ताटकळावं लागत नसे. ॲपमधली बाई दर वळणाला गोड आवाजात सांगायची आणि बाबा तिला उलट उत्तर द्यायचे. "डावीकडे वळा म्हणे. उजवीकडे कालवा आहे, बाई, दुसरं करणार काय?" ती हसायची. ते दोन आठवडे त्या दोघांचे बरे गेले, असं तिला वाटत होतं.

चौदाव्या दिवशी, सकाळी सव्वानऊला, चाळीसच्या वेगानं गाडी एका पाइपावरच्या खळग्यात गेली. रोजचाच खळगा. पण आदल्या दिवशी तिथून एखादं जड वाहन गेलं असावं, कारण भर आणखी चार बोटं खाली बसली होती. पुढची चाकं आदळली, मग मागची. फोन आपल्या खळग्यात जरासुद्धा हलला नाही.

मागून काहीच आवाज आला नाही.

"बाबा?"

"थांबू नकोस," ते म्हणाले. आवाज वेगळा होता, कोरडा. थोड्या वेळानं म्हणाले, "कंडक्टर, माझ्या पायावरची चादर पडलीय का गं?"

तिनं आरशात पाहिलं. चादर पायांवरच होती.

ऑपरेशन त्याच दुपारी झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की मज्जारज्जूवरचा दाब काढलाय, आता वाट पाहायची. किती दिवस, असं तिनं विचारलं नाही.

नर्सनं बाबांच्या कपड्यांची पिशवी तिच्या हातात दिली. शर्ट, पट्टा, घड्याळ, टॉवेल. टॉवेल ओला होता म्हणून तिनं तो बाकाच्या पाठीवर पसरला. एका बाजूची किनार दातांनी चावून चावून फाटली होती. नुसती आजची नव्हे. काही भोकं धुवून धुवून विस्कटलेली होती. दर दोन दिवसांनी तो टॉवेल तीच धूत होती. किनार तिनं पाहिली होती आणि टॉवेल जुना झालाय, नवा आणायला हवा, असं मनात म्हटलं होतं.

मग तिनं फोन काढला. हिरव्या रेघेवर बोट दाबून धरलं की त्या रस्त्याची सगळी माहिती उघडते, हे तिला ठाऊक होतं. तिनं ते कधी केलं नव्हतं. नमुने किती घेतले हे विचारल्याशिवाय जी कुणाच्या अहवालावर सही करत नसे, तिनं.

मागच्या महिनाभरातल्या फेऱ्या: पंचवीस. गाड्या: एक.

तिनं मनात हिशेब केला. दुसऱ्या दिवसापासून आजपर्यंत जाण्याच्या तेरा, येण्याच्या बारा. पंचवीस. त्या रस्त्यानं दुसरं कुणी ॲप लावून गेलंच नव्हतं. तिचा फोन फोममध्ये बसून हिंडला होता, त्याला हादरा लागला नव्हता आणि त्यानं तसं कळवलं होतं. मग रोज सकाळी तिनं फोनला विचारलं होतं, रस्ता कसा आहे, आणि फोननं तिचंच तिला परत सांगितलं होतं. वहीतल्या दोन-दोनच्या ओळीही तशाच आल्या होत्या. बाबांनी तिला रडताना एकदा पाहिलं होतं, तेवढं त्यांना पुरलं होतं.

समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचं चित्र होतं. तिनं त्या सातही वाचल्या.

तीन आठवड्यांनी बाबांना घरी सोडलं. पाय आले नाहीत. उरलेली किरणं दवाखान्यातच देऊन झाली होती. आता मणक्याला धोका नव्हता, कारण जे व्हायचं ते झालं होतं. पाठीत स्क्रू होते, टाके अजून ओले होते. घरी न्यायला अँब्युलन्स बोलावली. ड्रायव्हर पन्नाशीचा, बडबड्या माणूस. त्यानं बाबांचं स्ट्रेचर आत सरकवलं, पट्टे आवळले आणि पुढं येऊन आपला फोन समोर अडकवला.

"काळजी करू नका, ताई. आपल्याकडे ॲप आहे. पाठीचे पेशंट असले की मी सपाट रस्ताच लावतो." त्यानं बोट फिरवलं. "हे बघा, कालव्याकडून. हिरवागार आहे."

"तिकडून नको."

"अहो, हमरस्ता खणलाय सगळा. बाजारातून गेलो तर गतिरोधक जीव काढतील. हिरवा आहे ना हा."

"तो खोटा आहे."

"ॲप कशाला खोटं बोलेल? लोकांच्या फोनवरून येतं ते. आमच्यातल्या दोघांना मी परवाच सांगितलं, बाबांनो, हा रस्ता वापरा."

"त्या रस्त्यानं एकच गाडी गेलीय," ती म्हणाली. "माझी. फोन मी फोममध्ये ठेवला होता. त्याला धक्के कळले नाहीत. हे त्याच रस्त्यावर झालंय." तिनं मानेनं मागं खूण केली. "त्या दोघांना आत्ता फोन करून सांगा. मग निघू."

ड्रायव्हरनं खाली उतरून दोन फोन केले. तेवढ्यात ती मागं जाऊन स्ट्रेचरजवळच्या पट्टीवर बसली. बाबांचे डोळे उघडे होते. मधला पत्रा पातळ होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे ते सगळे जण," ते म्हणाले, "आपण दोघंच होतो."

"हो."

"आणि ती म्हैस."

ती हसली नाही. "तुम्ही एकदा तरी सांगायचं होतं, बाबा. एकदा सात म्हणायचं होतं. मी रस्ता बदलला असता."

"रोज येताना ठरवायचो, उद्या सांगू. मग तू सकाळी तो हिरवा रंग दाखवायचीस." बाबा म्हणाले. "एकतीस वर्षांत मला कळला नाही असा रस्ता नव्हता गं. पहिल्याच दिवशी कळलं होतं."

ड्रायव्हर येऊन बसला आणि काचेतून म्हणाला, "बाजाराकडून घेतो, ताई. हळू घेतो." अँब्युलन्स फाटकातून बाहेर पडली, डावीकडे वळली. तिनं बाबांचा हात धरला. समोरच्या काचेतून तिला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पहिला उंचवटा जवळ येताना दिसला.

"गतिरोधक आहे," ती म्हणाली.

"दुखेल," बाबा म्हणाले. मग विचारलं, "ओरडलो तर चालेल का?"

"ओरडा."

पुढची चाकं चढली आणि बाबा ओरडले. मागची चढली तेव्हा पुन्हा. ड्रायव्हरनं घाबरून वळून पाहिलं. तिनं त्याला हातानंच पुढं चालण्याची खूण केली. अजून पंधरा होते.