एसी लावला की खडखड

रविराजची गाडी चांगली जुनी, पण रुबाब नव्या नवरीचा. एसी लावला की मात्र बॉनेटखालून अशी खडखड सुटायची की शेजारचं कुत्रं उठून बसायचं. एरवी त्यानं कानाडोळा केला असता. पण विट्याचे अर्जुनराव, केरळात सोनं गाळायची दुकानं असलेले, रविवारी सांगली स्टेशनात उतरणार होते, रविराजच्या लेकीला, सोनियाला, आपल्या पोरासाठी बघायला. त्यांना भर मे महिन्यात पलूसला आणायचं ते गारेगारच, असा रविराज साहेबांचा पण होता.

तयारी तर काय विचारता! भिंतीवरचं घोंगडं माळ्यावर गेलं. मेंढरांमागं हयात गेलेल्या हरणाबाईला, म्हणजे सख्ख्या आईला, पाव्हणे असेपर्यंत आतल्या खोलीत बसायचं फर्मान सुटलं. पाव्हणे आपल्याच मेंढपाळ समाजातले, पण आता मोठे झालेले. त्यांच्यापुढं मेंढरांचं नावसुद्धा नको.

इस्लामपूरच्या नानासो मिस्त्रीनं गाडी तपासली. एसी बंद केला, आवाज बंद. चालू केला, आवाज चालू. पट्टा चाचपला, कान लावला आणि मोठ्या डॉक्टरागत मान हलवून कंप्रेसर गेल्याचं जाहीर केलं. नवा बसवला, तरी खडखड जशीच्या तशी. मग नानासोनं गॅसवर संशय घेतला, रविराजच्या मेव्हण्यानं उंदरांवर आणि शेजारच्या मास्तरांनी थेट इंजिनावर. ज्याला तोंड होतं त्यानं निदान केलं.

हरणाबाईही सांगायला आली होती, "रव्या, मी खंडेनवमीला तितं..." पण साहेबांनी तिला वाक्य पुरं करू दिलं तर शप्पथ. गाडी म्हणजे मेंढरू न्हवं, असं म्हणून तिला वाटेला लावलं.

रविवारी अर्जुनराव पुढं बसले, एसी लागला आणि खडखड सुरू झाली. रविराजनं गाणी मोठ्यानं लावली, तर खडखड त्याच्याही वरचढ. सांगलीच्या बाहेर पडतात न पडतात तोच पाव्हण्यांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. जमत आलेलं मोडलं म्हणायचं.

एसी चालू ठेवून बॉनेट उघडलं. कंप्रेसरच्या पाइपाला काळ्या दोऱ्यानं एक पितळी घंटा बांधलेली, हळदीनं आणि ग्रीसनं माखलेली. पाइप थरथरला की ती कंप्रेसरवर आपटत होती. रविराजनं तिथूनच नानासोला फोन लावला. नानासो म्हणाला, घंटा दिसली होती की, पण ती पूजेची. कंप्रेसर बदलताना सोडली, पाया पडलो आणि होती तिथंच परत बांधली. धन्य तो मिस्त्री.

अर्जुनरावांनी दोरा सोडला, रुमालानं घंटा पुसली आणि हलवली. खणखणीत वाजली. रविराजनं आवाज लगेच ओळखला. कळपाच्या म्होरक्या मेंढ्याची घंटा ती, तिच्या मागनं चालतच तो लहानाचा मोठा झाला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्या माणसाचं खूळ हो, देतो फेकून, असं तो घाईघाईनं म्हणाला.

"फेकता व्हय?" अर्जुनरावांनी घंटा मुठीत धरली. "आमच्या घरातली कवाच मोडीत गेली. अजून लय चुटपुट लागती बघा. कुणी बांधली ही?"

"आईनं."

"मग आदी त्यास्नी भेटू. पोरगी मागनं बघू."

गाडी निघाली. एसी अगदी गप्प झाला होता, आणि अर्जुनराव मांडीवरची घंटा लहान पोरागत वाजवत होते. रविराजला मात्र त्या गारव्यात दरदरून घाम फुटला होता. निघताना त्यानं आईला बसवलेल्या आतल्या खोलीला बाहेरून कडी घातली होती. घरी फोन करून ती काढायला सांगावी, तर पाव्हणे शेजारीच बसलेले.