नाकवाल्या मिस्त्रीशी माझं वैर

मित्रांनो, मी एक जुना शेंबूड आहे. नाकं मुरडू नका, मलाही जुनं होण्याची हौस नव्हती. आमच्यात कोणी म्हातारं होत नाही. नाकात जन्मायचं आणि घटकाभरात घशावाटे पोटात उतरायचं, ही आमची रीत. मी मात्र अडकलो, आणि ज्याने अडकवलं त्याला मी विसरलेलो नाही.

माझा जन्म एका सुतारमिस्त्रीच्या नाकात झाला. ओल्या अस्तरातल्या बारीक ग्रंथींनी मला चिकट धाग्यांसारखं बाहेर सोडलं. धाग्याला धागा बिलगला आणि माझा पदर झाला. पदराखाली पातळ पाणी, त्या पाण्यात उभी लव. डोळ्यांना न दिसणारे ते केस सेकंदात दहा-बारा वेळा एकाच दिशेने झुकत आणि मला घशाकडे ढकलत. वाटेत सापडेल तो कण मी पोटाशी धरायचा. काय सुखाचे दिवस होते ते!

त्याला सगळे 'नाकवाले मिस्त्री' म्हणत. फळीची ताजी कड हुंगून तो लाकूड आतून कुजलंय का ते सांगे. या नाकाच्या तोऱ्यात घासकागद मारतानाही तो फडकं बांधत नसे.

"अरे, बांध की फडकं!" त्याची थोरली बहीण ओरडे.

"ताई, मीठ चाखताना तू तोंड बांधतेस का?"

"नाकाने कांदे सोल नुसते!"

रोज मूठभर भुसा आत यायचा. मी वाहून वाहून थकलो. लव मंदावली, खालचं पाणी आटलं, मी घट्ट झालो. आणि तो बाहीला नाक पुसत म्हणाला, "शी! काय घाण भरलीय!"

भुसा त्याचा, आणि घाण मी? त्याच दिवशी, वास जिथे कळतो त्या वरच्या फटीत मी ठाण मांडलं.

ताईच्या घराची कुजलेली दारं उतरवून झाली होती. चौकटींना चादरी लटकत होत्या. नव्या दारांसाठी ती भावाला घेऊन लाकडाच्या वखारीत आली. चार मिस्त्री कौतुकाने बघत होते. त्याने फळी हुंगली. पुन्हा हुंगली. मी तसूभर हललो नाही.

"पक्कं आहे. चिरा," तो म्हणाला.

वखारवाल्याने करवत सुरू केली आणि आंबूस, कुजका भपका सुटला. वखारवाल्याने नाकाला रुमाल लावला. चारही मिस्त्र्यांनी लावला. ताईने पदर लावला. नाकवाले मिस्त्री एकटेच उघड्या नाकाने सगळ्यांची तोंडं बघत उभे होते.

"काय झालं?"

ताईने हळूच विचारलं, "तुला येत नाही रे वास?"

तेवढा गोड क्षण माझ्या आयुष्यात दुसरा नाही.

आता तो फडकं बांधतो. सकाळी मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुतो. माझी धाकटी भावंडं पुन्हा वाहती झाली आहेत, मी मात्र अजून त्या वरच्या फटीतच आहे. परवा तो वखारीत गेला, सवयीने फळी नाकाशी नेली, जरा थांबला आणि ती बहिणीच्या हातात दिली. "ताई, तूच हुंग."

मित्रांनो, धुळीत नाक झाका, पाणी भरपूर प्या, आम्हाला वाहतं ठेवा. आणि तुमचा केर वाहणाऱ्याला घाण म्हणू नका. मीही सुटेन एक दिवस. पण त्याआधी त्याने आणखी दोन-चार फळ्या तिच्या हातात द्याव्यात, एवढीच माझी इच्छा आहे.