तिसरा प्लग

दोन प्लग बसले. तिसरा दीड आट्यावर अडला आणि गुंडू मिस्त्रीचा हात थांबला.

गडमुडशिंगीतल्या त्याच्या घरासमोर गाडीचं बॉनेट सकाळपासून उघडं होतं. गाडी जुनी, तीन सिलिंडरची. आठवडाभर ती गचके खात होती आणि उद्या त्याच गाडीतून वारणानगरला, बायको धोंडुबाईच्या बहिणीच्या नातवाच्या बारशाला जायचं होतं. शेजारच्या हंबीररावांनी गॅरेजला दाखवा म्हणून सांगून पाहिलं. पण घरच्या गाडीला दुसऱ्याचा हात लागू द्यायला गुंडू तयार नव्हता. आदल्या दिवशी शाहूपुरीत जाऊन तो नवे प्लग घेऊन आला होता.

त्याच शाहूपुरीत एका गॅरेजमध्ये त्याची छत्तीस वर्षं गेली होती. प्लग बसवणं त्याच्या लेखी काम नव्हतंच. गिऱ्हाइकाशी गप्पा मारत तो प्लग फिरवायचा. आटा सरळ लागलाय की वाकडा, ते बोटंच सांगायची. आता साखरेच्या दुखण्यानं बोटांची टोकं बधिर झाली होती. पहिले दोन प्लग नशिबानं सरळ गेले. तिसऱ्याचं काही कळेना. पाना लावून रेटावं, असं म्हणून त्यानं पाना उचललासुद्धा.

"अडलं व्हय?" पायरीवर तांदूळ निवडत बसलेल्या धोंडुबाईनं विचारलं.

तो पाना तसाच हातात धरून उभा राहिला. दिवाळीच्या आधी एका मास्तरांच्या गाडीत त्यानं असाच प्लग रेटला होता. आटे गेले, इंजिनाचं अख्खं हेड उतरवावं लागलं. गॅरेजचा मालक चकार शब्द बोलला नाही, आणि ते न बोलणंच गुंडूला सोसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर गेला नाही. घरी सांगितलं, उभं राहून गुडघे धरतात.

पाना खाली ठेवून तो म्हणाला, "गुडघ्याचं खोटं सांगितलं मी तुला. बोटास्नीच काय कळंना झालंय."

धोंडुबाईनं सूप बाजूला सारलं. "ठावं हाय मला. गरम तवा नुसत्या हातानं उचलतासा तुमी. मला काय दिसत न्हाय व्हय?"

इतके महिने तिनं शब्दानं विचारलं नव्हतं.

पदर खोचून ती गाडीपाशी आली. "सरका. कसं करायचं सांगा."

छत्तीस वर्षं त्याचे तेलकट कपडे धुतले तिनं, पण इंजिनाला कधी हात लावला नव्हता. गुंडूनं तिला प्लग काढायला लावला, आटे पुसायला लावले, मग सरळ खाली सोडायला सांगितला.

"आदी उलटा फिरव. टक करून खाली बसल्यागत लागंल. मग सुलटा."

तिनं डोळे मिटले. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

"बसला," ती म्हणाली.

"आता कसा जातोय?"

"लोण्यात बोट घातल्यागत."

टेकेपर्यंत तिनं हातानंच फिरवला. पाना कुठवर ओढायचा ते त्यानं बोटानं दाखवलं, तिथं ती थांबली. प्लगवर वायरची टोपी चढवली. गुंडूनं किल्ली फिरवली. इंजिन एका दमात लागलं आणि एकसारखं चालत राहिलं. कान अजून शाबूत होते. बराच वेळ तो नुसता ऐकत बसला. मग गाडी बंद करून घरात गेला.

धोंडुबाईच्या बोटांना काळं लागलं होतं, साबणानं निघेना. गुंडू बंबातलं पाणी तांब्यात घेऊन बाहेर आला. तिच्या हातांवर धार धरण्याआधी त्यानं तांब्यात वाकून पाहिलं, वाफ दिसते का ते.

"लई कडक न्हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"न्हाय. बरं हाय," ती म्हणाली, "वता."