हिरव्या मुठीची सवत

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे आणि माझा स्वभाव जळका आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं. बाकीच्या जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला लागल्या की कशा मधाळ बोलतात! मला ते जमत नाही. माझं कामच कापायचं, तोंड गोड कुठून असणार?

माझा जन्म एका लहानशा भट्टीजवळ झाला. कारागिराने पोलादाची दोन पाती तापवली, ठोकली, घासली. मग दोन्ही पात्यांना त्याने किंचित बाक दिला, डोळ्यांना दिसणारही नाही इतका. त्या बाकामुळे पाती एकमेकांना फक्त जिथे कापायचं असतं तिथेच टेकतात. अंगठ्यासाठी गोल मूठ केली, बोटांसाठी लांबट मूठ केली, मधे स्क्रू पिळला आणि झाले मी तयार.

मला एका शिंप्याने घेतलं. त्याने मलमलीची चिंधी माझ्या अगदी टोकाने कापून पाहिली आणि मान डोलवली. त्याच्या दुकानात माझा काय थाट होता म्हणून सांगू! मला कागद लावायचीसुद्धा कुणाची हिंमत नव्हती, कारण कागदाने कापडाच्या कात्रीची धार जाते. काम शिकायला आलेल्या पोरांनी मला हात लावायच्या आधी हात धुवायचे. कुणी वाकडं कापलं तर शिंपी म्हणायचा, "कात्री खोटं बोलत नाही. हात वाकडा, तर कापड वाकडं." ते ऐकून मी मनातल्या मनात फुगायचे. तिथे शिवणयंत्र होतं, इस्त्री होती, पण असं कौतुक कुणाच्याच वाट्याला नव्हतं.

पुढे शिंप्याचे डोळे अधू झाले आणि त्याने दुकान बंद केलं. तोवर त्याला नात झाली होती. ती तिसरीत गेली तेव्हा तिच्या शाळेतल्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, "आजोबा, आमच्याकडे मुलं स्वतःच्या हाताने वस्तू करून शिकतात. बुधवारी तुम्ही याल का? चार गोष्टी दाखवाल." आजोबांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी मला धार लावून आणलं, फडक्यात गुंडाळलं आणि शाळेत घेऊन गेले. वाटेत नातीला म्हणाले, "ही आता तुझी बरं का. तुझ्या हातून चालली की माझ्या जिवाला शांत वाटेल."

शाळेतली ती खोली मला पहिल्या दिवशी मुळीच आवडली नाही. बुटकी टेबलं, त्यांवर रंगाचे डाग, कोपऱ्यात ओल्या मातीची बादली. भिंतीवर एक फळी होती आणि फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काढलेली होती, म्हणजे काम झालं की ज्याची जागा त्याला मिळावी. हातोडीची जागा माझ्या दुप्पट! करवतीची तर विचारूच नका. आणि मला काय कापायला दिलं? पुठ्ठा. मलमल कापणाऱ्या मला पुठ्ठा! पण आजोबांची नात मला घेऊन बसणार होती, म्हणून मी तेही गिळलं.

आता ऐका माझं दुर्दैव. त्या पोरीला सगळं येत होतं. मातीची वाटी केली तर तिचा काठ सारखा. खिळा ठोकला तर दोन ठोक्यांत आत. शिवायला बसली की टाके असे यायचे, की आजोबा चष्मा पुसून पुन्हा पाहायचे. आणि हे सगळं डाव्या हाताने. ती सुई तर एवढीशी, नाकात भोक आणि अंगात तोरा! तिला हात उजवा काय, डावा काय, कुठलाही चालतो. पोर तिला केसांत खोचून वर्गभर हिंडायची. माझा नुसता तिळपापड व्हायचा. अगं, तुझ्या आजोबांनी मला तुझ्यासाठी आणलं ना?

कारण माझ्याशी तिचं काही केल्या जमेना. तिने मला हातात घेतलं की कागद माझ्या पात्यांमध्ये दुमडून बसायचा. कापलेली कड अशी दिसायची, जणू उंदराने कुरतडली आहे. मुलांनी तिचं नाव 'उंदरी' ठेवलं. ती म्हणायची, "ही कात्री चालत नाही." मग सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "नाचता येईना, अंगण वाकडं!" मीही फळीवरून तेच म्हणत होते. माझ्या धारेला नावं ठेवते म्हणजे काय?

आजोबांना मात्र ते फार लागलं. दुसऱ्या मुलांना ते हसून शिकवायचे, नातीजवळ आले की त्यांचा आवाज बदलायचा. "उजव्या हातात धर," म्हणायचे. तिने तसं धरलं की कागद कापला जायचा, पण रेघ सोडून भलतीकडे पळायचा, कारण उजव्या हाताला कापायची काही सवयच नव्हती. "बरं, डाव्याने काप. पण लक्ष दे." डाव्याने पुन्हा कुरतडलेलं. "आपल्या घरात कात्री धरता येत नाही असं कुणी झालं नाही," ते एकदा बोलून गेले.

सहामाहीनंतर बाईंनी सावल्यांचं नाटक करायचं ठरवलं. काळ्या पुठ्ठ्याची बाहुली कापायची, काडीला बांधायची, मागे दिवा लावायचा आणि पडद्यावर सावली नाचवायची. नियम एकच, ज्याची बाहुली त्यानेच कापायची. उंदरीने हरीण निवडलं, तेही फांद्यांसारख्या शिंगांचं. पहिलं शिंग कापताना तुटलं. दुसऱ्या हरणाची मानच गेली. तिसऱ्या वेळी आजोबांनी पुठ्ठा काढून घेतला.

"राहू दे, बाळ. तू दिवा धर. तेही कामच आहे."

"मला हरीण करायचंय."

"अगं, सगळ्यांना सगळं यायलाच हवं असं थोडंच आहे? कात्री खोटं बोलत नाही."

पुढच्या बुधवारी ती खोलीत आलीच नाही. डोकं दुखतंय म्हणून वर्गातच बाकावर पडून राहिली. त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच. माती तशीच राहिली, शिवण अर्धवट राहिली. खिळे ठोकणारी, टाके घालणारी पोर हातात काही धरेनाशीच झाली. सुई बिचारी सुया खोचायच्या गादीत टोचून बसली होती. खरं सांगू? तिची ती दशा बघून मला बरं वाटलं. मला नाही तर तुलाही नाही!

मग एके दिवशी ती आली. तडक फळीजवळ गेली, मला काढलं आणि खिडकीखालच्या टेबलावर नेऊन आपटलं.

त्या टेबलाबद्दल सांगायला हवं. ते बिघडलेल्या वस्तूंचं टेबल होतं. कुणाची बुडणारी होडी, कुणाचा डगमगणारा चौरंग, कुणाची तडकलेली वाटी, सगळं तिथे यायचं. मग सगळी मुलं भोवती गोल करून बसायची आणि कारण शोधायची. बाईंचा दंडक असा, की 'कुणी बिघडवलं' हे विचारायचं नाही, 'का बिघडलं' एवढंच विचारायचं. त्या भंगारात मी! माझी पाती रागाने थरथरली असतील.

आजोबांचा चेहरा उतरला. "ही बिघडलेली? या कात्रीवर माझं घर चाललं."

"आजोबा, बसा," बाई म्हणाल्या. "टेबलावर ठेवलंय ना, मग बघू या."

वर्गाची मॉनिटर होती ती पुढे आली. तिने मला उजव्या हातात धरलं आणि पुठ्ठ्यावरचं वर्तुळ सरसर कापून दाखवलं. "घ्या! चांगली आहे की!" सगळे हसले. कुणीतरी अंगणाची म्हण म्हणायला सुरुवातही केली. मी खुशीत चकाकत होते.

"आता डाव्या हाताने काप," उंदरी म्हणाली.

मॉनिटरने हात बदलला. पुठ्ठा दुमडून माझ्या पात्यांमध्ये अडकला. तिने पुन्हा जोर लावला, पुन्हा अडकला. "मला डाव्याची सवय नाही ना," ती म्हणाली.

"मला आहे," उंदरी म्हणाली. "मी लिहिते डाव्याने, शिवते डाव्याने. तरी असंच होतं."

आता कुणी हसेना. एकाने मला उलटं करून धरलं, तरी तसंच. दुसऱ्याने खिडकीच्या उजेडासमोर धरून मिटलं आणि तो ओरडला, "बाई, फट दिसतेय!" बाईंनी मला स्वतः हातात घेतलं. उजव्या हातात धरून हळूहळू मिटलं, फट नाही. डाव्या हातात धरून मिटलं, पात्यांमधून उजेड आला. त्यांनी मुलांना दाखवलं, की मिटताना अंगठा मुठीला बाहेर ढकलतो आणि बोटं आत ओढतात. उजव्या हातात त्या दाबाने पाती एकमेकांना चिकटतात. डाव्या हातात त्याच दाबाने ती विलग होतात. शिवाय वरचं पातं अशा बाजूला येतं, की आखलेली रेघही झाकली जाते. कारागिराने मला उजव्या हातासाठीच घडवलं होतं. हे मला तरी कुठे ठाऊक होतं? दुकानात मला डाव्या हाताने कुणाला चालवूच दिलं जात नव्हतं. अंगणच वाकडं होतं, आणि ते अंगण मी होते!

"आणा इकडे," आजोबा म्हणाले. त्यांनी मला डाव्या हातात धरलं. कापड कापण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्या हातातही पुठ्ठा दुमडला. "थांबा, पकड नीट बसली नाही." पुन्हा दुमडला. तिसऱ्या वेळी त्यांनी इतका जोर लावला, की माझ्या मुठीची कड त्यांच्या अंगठ्यात रुतली. त्यांनी मला खाली ठेवलं. अंगठ्यावरचा लाल वळ पाहिला, मग नातीचा हात ओढून तिचा अंगठा पाहिला. तिथे तसाच वळ होता, पण जुना, घट्टा पडलेला.

"मला सांगायचं नाही का गं?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, कात्री खोटं बोलत नाही."

आजोबा कुणाला असं नाही, पण बोलले. "दुकानात काम शिकायला दोन पोरं आली होती अशी. डाव्या हाताची. गुणी होती. मी परत पाठवली. शिवणकामाला लागतो तसा हात नाही, म्हणालो." बाईंनी मुलांना हळूच आपापल्या जागी पाठवलं. उंदरी तेवढी गेली नाही, त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली.

पुढच्या बुधवारी ती आली, माझी सवत. हिरवी मूठ, चकाकती पाती, कालची पोर! आजोबा शहरभर हिंडून ही डाव्या हाताची कात्री घेऊन आले होते. दिसायला माझ्यासारखीच, पण सगळं आरशात पाहिल्यासारखं उलटं. तिची जागा कुठे काढली? माझ्या शेजारी. मला वाटलं, चालणार नाही, दोन दिवसांत हिची मिजास उतरेल. मी अगदी देव पाण्यात घालून बसले होते.

पण ती चालली. पोरीने पुठ्ठा घेतला, ओठ मिटले आणि शिंगाच्या टोकापासून सुरुवात केली. एकेक फांदी निघाली, बारीक, अणकुचीदार, एकही न तुटता. मॉनिटरने ते हरीण वर धरून सगळ्यांना दाखवलं. कुणीतरी हौसेने हिरव्या मुठीची कात्री उजव्या हातात धरून पाहिली आणि कागदाची पार चिंधी केली. त्या दिवसापासून 'उंदरी' हे नाव कुणी घेतलं नाही. नाटकाच्या दिवशी पडदे ओढले, दिवा लागला आणि भिंतीएवढं हरीण मान वळवून उभं राहिलं. आजोबा पहिल्या ओळीत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसते डोळे पुसत राहिले. आणि मी? जळत होते. ती शिंगं माझ्या धारेने व्हायला हवी होती. तो आनंद माझा होता. शिंप्याची कात्री मी, आणि त्याची नात दुसरीची झाली.

मित्रांनो, आता तुम्हाला वाटेल, म्हातारीला अक्कल आली आणि तिने हेवा सोडला. छे! तो आजही आहे. ती रोज माझ्या डोळ्यांदेखत फळीवरून निघते आणि कागदाचे कपटे अंगावर मिरवत परत येते. मला इतर मुलं वापरतात, चांगली वापरतात, आजोबा दर बुधवारी माझ्या स्क्रूत तेलाचा थेंबही सोडतात. तरी मला हवी आहे ती एकच मूठ.

तेव्हा माझं मागणं नीट ऐका. आम्हा कात्र्यांनी तार कापू नका. पात्यांवर गोंद वाळू देऊ नका, काम झालं की पुसून जागेवर लावा. आणि कुणाच्या हातून काम बिघडलं तर हाताला नावं ठेवण्याआधी हातातलं हत्यार बघा. मला एवढं जपलंत तर बरं वाटेल. पण त्या हिरव्या मुठीवालीला माझ्याहून जास्त जपा. तिला गंजू देऊ नका, हरवू देऊ नका. ती नसली तर ती पोर पुन्हा मला उचलेल, तिचा डावा अंगठा पुन्हा माझ्या मुठीत येईल. मी रोज त्याचीच वाट बघते. म्हणून तर तुम्हाला हात जोडून सांगते, तो येऊ देऊ नका.