कपाटाची किल्ली

शेठच्या बोटीवर खलाशी असलेला तिचा नवरा बुडाला तेव्हा शेठ भेटायला आला होता, मान खाली घालून. "काय करणार बाई, कपाटाची किल्ली शोधेपर्यंत उशीर झाला," म्हणाला. लाइफ जॅकेटं बोटीवरच्या कपाटात कुलूपबंद होती आणि किल्ली होती शेठच्या खिशात, त्याच्या घरी. हे तिला मागाहून खलाशांनी सांगितलं. वापरलं की झिजतं, हे शेठचं ब्रीद. त्याच्या घरच्या सोफ्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं.

ती रडली, पण बेतानं. डूख मात्र पोटभर धरला. विमा कंपनीत चिकटली, परीक्षा दिल्या, बोटी तपासायला लागली. लोक म्हणाले, बाई सावरली हो! सावरतेय कसली, दबा धरून बसली होती.

आज शेठच्या प्रवासी बोटीची पाळी आली. विम्याचं नूतनीकरण झाल्याशिवाय बोट धक्का सोडणार नव्हती, म्हणून शेठच्या जिभेवर साखर होती.

"या, या वहिनी! घरचीच बोट समजा."

इतकी वर्षं 'बाई' होती, आज एकदम 'वहिनी'. गरज पडली की नाती कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवतात.

शेठनं पट्ट्याला अडकवलेली किल्ली काढली, कपाट उघडलं. "बघा, नवी कोरी! प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही."

"तेव्हाही नव्हतं काढलं."

शेठला ते ऐकूच गेलं नाही. तिनं प्लास्टिक फाडून एक जॅकेट दाबलं. आतला फोम वाळक्या पाचोळ्यासारखा कुरकुरला.

"शेठ, हे माणसाला तरंगवेल?"

"म्हणजे काय! छाती ठोकून सांगतो."

"मग पाण्यात तपासू."

"तपासा की! ए, इकडे ये रे," शेठनं एका खलाशाला हाक मारली.

"खलाशी नको. एक खलाशी देऊन झालाय. छाती तुम्ही ठोकलीत, जॅकेटही तुम्हीच घाला."

जॅकेट माणसाच्या अंगात घालून तपासायचा तिला अधिकार होता. माणूस कोणता, ते नियमात नव्हतं.

शेठ हसला. बाकी कुणी हसलं नाही. खलाशी हाताची घडी घालून उभे होते.

"वहिनी, मला पोहता येत नाही हो."

"म्हणून तर जॅकेट असतं. नको असेल तर नको म्हणा. तसं लिहिते, बोट राहील बांधलेली."

शेठनं बोटीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. शेवटी लोभानं भीतीला ढकललं. शिडी उतरून त्यानं हात सोडला.

आधी तरंगला. मग जॅकेटानं पाणी प्यायला सुरुवात केली, शिवण उसवली, फोमचा पिवळा भुगा वर आला आणि शेठ खाली गेला. पुन्हा वर आला. "वहिनी! व..."

तिच्या पायाशी तिनं स्वतः पारखून आणलेली जीवरक्षक रिंग होती, दोर बांधलेली. दोराला एक पीळ पडला होता. तो तिनं सावकाश सोडवला. खलाशांपैकी एकही जागचा हलला नाही. मग तिनं रिंग फेकली, ती नेमकी शेठच्या हातात. हात तयारीचा होता, घाई तेवढी नव्हती.

फळ्यांवर पालथा पडून शेठ खारं पाणी ओकत होता. "एवढा... एवढा वेळ लागतो?"

तिनं कागदावर 'नामंजूर' लिहिलं, पेनाला टोपण लावलं.

"काय करणार शेठ," ती म्हणाली, "किल्ली शोधत होते."